आजारी पंतप्रधान, लांबची बोट आणि ‘खरं कारण’ शोधण्याचा मोह

पीएचडीचा विषय शोधताना आपल्यापैकी बहुतेकांना एक मोह होतो. एखादी मोठी घटना घ्यायची आणि तिच्यामागचं ‘खरं कारण’ आपण शोधून काढलं असं दाखवायचं. सिनॉप्सिस वाचणाऱ्यांना असे विषय पहिल्या परिच्छेदातच कळतात आणि ते नेमका तिथेच हात घालतात: ‘हे कारण कशावरून?’

आजच्या लेखात हा प्रश्न एका उदाहरणावर घासून बघू. उदाहरण आहे एका माणसाच्या पित्ताशयाचं आणि त्याच्या लांबच्या बोटीच्या प्रवासाचं.

१८ जानेवारी १९५७ रोजी ‘रँगिटाटा’ नावाची प्रवासी बोट इंग्लंडहून न्यूझीलंडकडे निघाली. तिच्यावर सर अँथनी ईडन आणि त्यांची पत्नी क्लॅरिसा होते. ईडन तेव्हा ५९ वर्षांचे होते. नऊ दिवसांपूर्वी, ९ जानेवारीला, त्यांनी ब्रिटनच्या पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला होता. जाहीर कारण होतं प्रकृती. पण सुएझ प्रकरणात ब्रिटनची जगभर नाचक्की होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. म्हणजे प्रकृती हे कारण होतं की सबब?

आधी आजार समजून घ्या

आपल्याकडे ‘मला पित्त झालंय’ म्हणजे डोकं दुखणं, आंबट ढेकर, उलटी. इथे त्याचा संबंध नाही. ईडन यांचा त्रास पित्ताशयाचा होता. यकृतात पित्तरस तयार होतो, पित्ताशयात साठतो आणि पित्तनलिकेतून आतड्यात उतरतो. पित्ताशयात खडे झाले की दुखतं, कधी कावीळ होते. पित्ताशय काढून टाकलं तरी माणूस ठणठणीत जगतो. ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी केली. म्हणजे १९५३ साली ती काही नवलाईची गोष्ट नव्हती.

१२ एप्रिल १९५३ रोजी लंडनमध्ये ईडन यांचं पित्ताशय काढलं. तेव्हा ते परराष्ट्रमंत्री होते आणि चर्चिल यांच्यानंतर तेच पंतप्रधान होणार असं सगळे धरून चालले होते. शस्त्रक्रिया केली जॉन बेसिल ह्यूम यांनी. ईडन यांचे डॉक्टर होरेस इव्हान्स यांनी दुसरीही नावं सुचवली होती, पण ह्यूम यांनी पूर्वी आपलं अपेंडिक्स काढलंय म्हणून ईडन यांनी त्यांनाच निवडलं. या शस्त्रक्रियेत पित्तनलिकेला इजा झाली. महिना संपायच्या आत दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. शेवटी १० जून रोजी बॉस्टनमध्ये लेही क्लिनिकचे रिचर्ड कॅटेल यांनी तिसरी केली. पित्तनलिकेची दुरुस्ती हा कॅटेल यांचा हातखंडा होता.

ईडन बॉस्टनमध्ये अंथरुणाला खिळलेले असताना, २३ जूनला, लंडनमध्ये चर्चिल यांना पक्षाघाताचा झटका आला. ईडन धडधाकट असते तर कदाचित तेव्हाच पंतप्रधान झाले असते. प्रत्यक्षात त्यांना एप्रिल १९५५ पर्यंत थांबावं लागलं.

आता पुढचा मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. दुरुस्त केलेली नलिका पुन्हा अरुंद होऊ शकते. तसं झालं की पित्त तुंबतं, जंतुसंसर्ग होतो आणि अचानक हुडहुडी भरून प्रचंड ताप चढतो. काही दिवसांत माणूस बरा दिसायला लागतो, आणि मग कधीतरी पुन्हा तेच. म्हणजे हा आजार सतत दिसणारा नाही, येऊन-जाऊन असणारा आहे. अशा आजाराबद्दल ‘तो त्या काळात आजारी होता’ असं ढोबळ वाक्य लिहून चालत नाही. कोणत्या दिवशी, हे सांगावं लागतं.

तारखा एकाखाली एक लिहा

ईडन यांच्या आजारामुळे सुएझचा निर्णय चुकला, असं विधान तुम्हाला अनेक ठिकाणी वाचायला मिळेल. ते तपासायला तत्त्वज्ञान लागत नाही, एक कोरा कागद पुरतो.

२६ जुलै १९५६: नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं.
२७ जुलै: गरज पडली तर बळ वापरायचं, हे ब्रिटिश मंत्रिमंडळानं तत्त्वतः ठरवलं.
५ ऑक्टोबर: पत्नीला भेटायला हॉस्पिटलमध्ये गेलेल्या ईडन यांना तिथेच हुडहुडी भरली आणि ताप १०५ अंश फॅरनहाइटच्या पुढे गेला. काही दिवस तिथेच राहावं लागलं.
१४ ऑक्टोबर: फ्रान्सचे दूत त्यांना भेटले. इस्रायलनं हल्ला करायचा आणि ब्रिटन-फ्रान्सनं ‘शांतता राखायला’ मध्ये पडायचं, अशी योजना त्यांनी मांडली.
२२ ते २४ ऑक्टोबर: पॅरिसजवळ सेव्र इथे गुप्त करार झाला.
२९ ऑक्टोबर: इस्रायलचा हल्ला.
६ नोव्हेंबर: ब्रिटननं युद्धबंदी मान्य केली.
२३ नोव्हेंबर: विश्रांतीसाठी ईडन जमैकाला गेले. ब्रिटिश सैन्य अजून इजिप्तमध्येच होतं.

कागदाकडे बघा. बळ वापरायचा निर्णय त्या मोठ्या तापाच्या दोन महिने आधीचा आहे, आणि तो एकट्या ईडन यांचा नाही, मंत्रिमंडळाचा आहे. ५ ऑक्टोबरच्या तापानं २७ जुलैचा निर्णय समजावून सांगता येत नाही. पण गुप्त कटात सामील व्हायचा निर्णय? तो तापानंतर नऊ दिवसांनी सुरू होतो. तिथे आजाराचा प्रश्न विचारणं रास्त आहे. शिवाय ते ड्रिनामिल नावाच्या गोळ्या घेत होते. तिच्यात तरतरी आणणारं अँफेटामिन आणि गुंगी आणणारं बार्बिट्युरेट, दोन्ही एकत्र असायचं.

म्हणजे ‘आजारामुळे सुएझ घडलं का?’ हा प्रश्नच सदोष होता. तो फोडून ‘कोणता निर्णय, कोणत्या तारखेचा, कोणाकोणाचा?’ असा केला की काही भागाचं उत्तर ‘नाही’ येतं आणि काही भागाचं ‘शक्य आहे’. प्रबंधात ‘शक्य आहे’ लिहायला लाज वाटू देऊ नका. ते कुठपर्यंत शक्य आहे, ही हद्द आखणं हेच तुमचं काम असतं.

एक धोका आपल्या भाषेतलाही आहे. मराठीत रागावलेल्या माणसाचं ‘पित्त खवळतं’. ईडन तापट म्हणून प्रसिद्ध होते. ‘पित्ताचा आजार, म्हणून राग, म्हणून युद्ध’ ही साखळी लिहायला किती सोपी! पण तो वाक्प्रचार आहे, पुरावा नाही. आणि ते १९५३ च्या आधीपासून तापट होते हे लक्षात घेतलं की साखळी पहिल्याच कडीला तुटते.

कारण की सबब?

आता बोटीकडे परत येऊ. पूर्वी आजारी माणसाला हवापालटासाठी पाठवत, तसा युरोपात लांबचा सागरी प्रवास हा बरं होण्याचा जुना, मान्य मार्ग होता. पंख्याखाली फायली नाहीत, भेटायला येणारे नाहीत, चार-पाच आठवडे नुसता समुद्र. त्यामुळे ईडन यांचा प्रवास दोन्ही प्रकारे वाचता येतो: आजारी माणसाची विश्रांती म्हणून किंवा हरलेल्या माणसाची पळवाट म्हणून.

पुढे काय झालं? न्यूझीलंडमध्ये ताप पुन्हा आला. मुक्काम आवरता घेऊन ते बॉस्टनला गेले आणि एप्रिल १९५७ मध्ये कॅटेल यांनी त्यांच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया केली. नुसती सबब सांगणारा माणूस पोट पुन्हा फाडून घेत नाही. हाच ताप भर समुद्रात आला असता तर? तेव्हा सोनोग्राफी नव्हती, आज दुर्बिणीतून नलिका मोकळी करतात तशी सोय नव्हती. अँटिबायोटिक द्यायचं आणि बंदराची वाट बघायची, एवढंच हातात होतं. ज्या प्रवासानं बरं व्हायचं, तोच प्रवास उपचारापासून सर्वात लांब नेणारा होता.

आजार खरा होता, हे यातून सिद्ध होतं. पण म्हणून राजीनामा केवळ आजारामुळे दिला, हे सिद्ध होत नाही. पक्षातला विश्वास उडाला होता, अमेरिका नाराज होती, पौंड अडचणीत आला होता. अशा वेळी खरा आजार सोयीचाही ठरतो. ‘खरं’ आणि ‘सोयीचं’ हे एकमेकांचे शत्रू नाहीत. राजीनामे, बदल्या, माघारी यांची कारणं तपासताना आपण नेहमी ‘हे की ते’ विचारतो. बऱ्याचदा उत्तर ‘हेही आणि तेही’ असतं, आणि मग कशाचं वजन किती हे ठरवावं लागतं.

पनामाचा मोह

ही बोट गेली पनामा कालव्याच्या मार्गानं. वाचून तुमच्या डोक्यात लगेच एक वाक्य आलं असेल: ‘ज्यानं सुएझसाठी युद्ध केलं, त्यालाच सुएझ बंद असल्यामुळे पनामातून जावं लागलं.’ वाक्य झकास आहे. सुएझ तेव्हा बुडवलेल्या जहाजांमुळे खरंच बंद होता आणि वाहतूक एप्रिल १९५७ मध्ये पूर्ववत झाली. पण न्यूझीलंड शिपिंग कंपनीच्या बोटींचा नेहमीचा मार्गच पनामाचा होता. सुएझ उघडा असता तरी ही बोट तिथूनच गेली असती. त्या महिन्यांत इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या बोटींना मात्र आफ्रिकेला वळसा घालावा लागत होता. तिथे ‘सुएझ बंद होता म्हणून’ हे वाक्य बरोबर ठरतं, इथे नाही.

दोन्ही गोष्टी खऱ्या असूनही त्यांच्यातला ‘म्हणून’ खोटा असू शकतो. स्वतःचा चॅप्टर तपासताना एकदा नुसते ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘परिणामी’ हे शब्द शोधा आणि प्रत्येकापुढे पुरावा कुठे आहे ते बघा. मी हे केलं तेव्हा निम्मे ‘म्हणून’ काढावे लागले होते.

साक्षीदार कोण आहे?

त्या बोटीवर जॉन प्रेस्कॉट नावाचा एक तरुण स्टुअर्ड होता. हाच पुढे १९९७ ते २००७ ब्रिटनचा उपपंतप्रधान झाला. बोटीवरच्या बॉक्सिंगमध्ये आपण जिंकलो आणि बक्षीस ईडन यांच्या हातून मिळालं, ही त्याची आठवण प्रसिद्ध आहे. ती टाकून द्यायची नाही. पण ती मोठा नेता झालेल्या माणसाची आठवण आहे, त्या दिवशीची नोंद नव्हे, हे लिहायचं.

तीच गोष्ट अभ्यासकांची. या आजारावर दोन महत्त्वाचे लेख आहेत. २००३ चा लेख जॉन ब्राश यांचा. ते लेही क्लिनिकचेच सर्जन, आणि १९७० मध्ये ईडन यांच्यावर शस्त्रक्रिया करणारेही. २००५ चा लेख डेव्हिड ओवेन यांचा. ते डॉक्टर, आणि स्वतः ब्रिटनचे माजी परराष्ट्रमंत्री. पहिल्याला शस्त्रक्रियेचे बारकावे दिसतात, दुसऱ्याला सत्तेवरचा आजारी माणूस दिसतो. दोघंही विश्वासार्ह आहेत आणि दोघंही कुठूनतरी उभे राहून बघतायत. साहित्याचा आढावा लिहिताना ‘ब्राश म्हणतात, ओवेन म्हणतात’ एवढ्यावर थांबू नका. कोण कुठे उभा आहे, तेही सांगा.

ईडन १४ जानेवारी १९७७ रोजी, ७९ व्या वर्षी गेले. मृत्यूचं कारण कर्करोग होतं, पित्तनलिका नव्हे. चोवीस वर्षं जो आजार त्यांच्या प्रत्येक गोष्टीचं कारण म्हणून सांगितला गेला, तो शेवटचं कारण ठरला नाही.

आता तुमच्या विषयावर हेच करून बघा. तुमचं ‘मुख्य कारण’ एका वाक्यात लिहा. त्याखाली घटनांच्या तारखा लिहा. कारणाच्या आधी घडलेली प्रत्येक घटना खोडा. जे उरेल, तेवढ्याबद्दलच तुमचं कारण बोलू शकतं. सिनॉप्सिसचं शीर्षक त्यानंतर ठरवा. ते आधीपेक्षा लहान होईल, आणि समितीसमोर ते तुम्हाला टिकवता येईल.