दुहेरी क्लच गिअरबॉक्स : दोषनिदान

दोन क्लचांच्या साहाय्याने आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारीच्या गिअरबॉक्समधील बिघाडाचे मूळ ठरविण्याची पद्धत (पहा : क्लच, गिअर).

फ्रेंच अभियंते आदोल्फ केग्रेस यांनी १९३९ मध्ये दुहेरी क्लचची रचना मांडली. २००३ मध्ये फोक्सवॅगन गोल्फमधून तिचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. चाकण येथे बनलेल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये (२०१३) सात गिअरांचा, कोरड्या क्लचांचा प्रकार होता.

या प्रकारात एक क्लच विषम गिअर, तर दुसरा सम व रिव्हर्स गिअर सांभाळतो. त्यामुळे दोष कोणत्या गटात दिसतो, यावरून संशयित क्लच ठरतो. आधी स्कॅनरने दोषसंकेत, क्लचचे तापमान व तेलाचा दाब वाचतात. मग गाडी चालवून पाहतात. इंजिनाचे फेरे वाढूनही वेग न वाढणे हे क्लच घसरत असल्याचे लक्षण होय. सर्वच गिअर सुटल्यास नियंत्रण एकक, वायरिंग व बॅटरी तपासतात.

साक्री–नवापूर मार्गावरील कोंडाईबारी घाटासारख्या चढावर ट्रकांमागे रांगताना कोरडा क्लच अर्धवट जुळलेला राहून तापतो आणि निघताना धक्के बसतात. गार झाल्यावर ते थांबू शकतात. म्हणून गरम स्थितीतील नोंद महत्त्वाची असते. नेमक्या निदानामुळे संपूर्ण गिअरबॉक्सऐवजी सदोष भागच बदलता येतो (पहा : मोटारगाडी).