कुटुंबसमूह परिषद

कुटुंबसमूह परिषद : दोषीस शासन करण्याहून दुखावलेली नाती सांधणे व झालेल्या हानीची भरपाई करणे यांस अग्रक्रम देणाऱ्या पुनःस्थापक न्यायदृष्टीची समाजकार्यातील एक प्रमुख पद्धती. न्यूझीलंडमधील समाजकल्याण खात्याच्या कारभारामुळे माओरी मुले आपल्या विस्तारित कुटुंबापासून, म्हणजे ‘फानाउ’पासून, तुटत आहेत, ही तक्रार ‘पुआओ-ते-अता-तू’ या अहवालाने सरकारदरबारी दाखल केली आणि पुढे बालके, तरुण व त्यांची कुटुंबे यांविषयीच्या १९८९ च्या कायद्याने या परिषदेस वैधानिक अधिष्ठान दिले. संगोपनाची आबाळ झालेली मुले आणि गुन्ह्यात गुंतलेले तरुण या दोहोंच्या बाबतीत ती भरविली जाते. समन्वयक प्रथम सर्व संबंधितांची भेट घेऊन पूर्वतयारी करतो. परिषदेत वस्तुस्थितीचे निवेदन झाल्यावर अधिकारी बाहेर जातात, कुटुंब एकांतात विचारविनिमय करते आणि अखेरीस सर्वसंमत योजना लेखी नोंदविली जाते. गुन्ह्याच्या प्रकरणी पीडितासही उपस्थित राहून आपली व्यथा मांडण्याचा हक्क असतो. मात्र घरातील हिंसेमुळे जेथे एक पक्ष भयग्रस्त असतो, तेथे समेटाचा आग्रह हा नवा अन्यायच ठरतो. म्हणून सुरक्षितता व स्वेच्छा यांची खातरजमा करणे हे समाजकार्यकर्त्याचे आद्य कर्तव्य होय.