खानदेशातील जुन्या गाड्या : दुसऱ्या-तिसऱ्या हातची मोटार आणि तिचा संसार

खानदेशातील बहुतेक खेड्यांत मोटार आली ती जुनी होऊनच आली. नवी गाडी आधी मुंबई, पुणे, नाशिक किंवा इंदूरच्या मालकाकडे काही वर्षे धावायची. तिथून ती धुळ्या-जळगावच्या व्यापाऱ्याकडे, त्याच्याकडून तालुक्याच्या गावी आणि शेवटी तापी, गिरणा, पांझरेच्या काठच्या एखाद्या शेतकऱ्याच्या दारात उभी राहायची. तोवर तिचे तीन-चार मालक होऊन गेलेले असत. म्हणून या भागातील मोटारीचा इतिहास शोरूमच्या विक्रीत सापडत नाही. जुन्या गाडीची खरेदी, तिची दुरुस्ती आणि तिची मोडतोड यांतच तो शोधावा लागतो.

या व्यवहाराला इथली भौगोलिक रचना पोषक होती. धुळे मुंबई-आग्रा रस्त्यावर वसलेले, आणि सुरतेहून नागपूरकडे जाणारा रस्ताही तिथूनच पुढे जळगाव-भुसावळला जातो. सोलापूरकडचा रस्ताही धुळ्यालाच येऊन मिळतो. देशभरचे ट्रक ज्या गावातून जातात त्या गावात गॅरेज, पंक्चरवाले, पाटे बसवणारे लोहार आणि बॉडी बांधणारे सुतार जमणे ओघानेच आले. रेल्वेने कापसाची सोय केली होती. चाळीसगाव-धुळे फाटा आणि सुरत-अमळनेर तापी खोरे रेल्वे हे दोन्ही मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाले. पण स्टेशनापासून दहा-वीस मैलांवरच्या गावाला बैलगाडीशिवाय वाहन नव्हते. काळ्या जमिनीतला रस्ता पावसाळ्यात चिखलाने बंद व्हायचा. हे मधले अंतर भरून काढायला नवी महाग गाडी कोणी घातली नसती. ते काम जुन्या गाडीने केले.

पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात खासगी ‘सर्व्हिस मोटारी’ सुरू झाल्या. फोर्ड आणि शेवरलेच्या सांगाड्यांवर स्थानिक सुतारांनी लाकडी बॉड्या बांधल्या. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून पेट्रोलचे रेशनिंग आले तेव्हा याच गाड्यांच्या मागे कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या बसवण्यात आल्या. भट्टी पेटवून, हाताने पंखा फिरवून गॅस तयार होईपर्यंत गाडी हलत नसे. गॅसवर इंजिनाची ताकद घटायची, त्यामुळे चढ लागला की उतारूंना खाली उतरावे लागे. युद्ध संपल्यावर सैन्याच्या जीप आणि ट्रक लिलावात निघाले. त्यांतल्या अमेरिकी गाड्यांचे चाक डाव्या हाताला होते. बाजारात नव्या गाड्या मिळत नसताना स्वस्तात आणि मोठ्या संख्येने वाहने येण्याची ही पहिलीच वेळ होती.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली, आणि पुढच्या काही वर्षांत मुंबई राज्यातील प्रवासी वाहतूक टप्प्याटप्प्याने सरकारकडे गेली. खासगी सर्व्हिसवाल्यांचा धंदा संपला. त्यांच्या गाड्यांना मालवाहतुकीची वाट उरली : जिनिंगकडे कापूस, स्टेशनकडे केळी, बाजाराला धान्य. त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडली, तिचा परिणाम अधिक खोल होता. परदेशी कंपन्यांचे सुटे भाग आणून देशात नुसती जुळणी करण्याला सरकारने आळा घातला. मुंबईला शिवडीत १९२८ पासून मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये काम बंद केले. रस्त्यावरच्या अमेरिकी गाड्या राहिल्या, पण त्यांचे पार्ट मिळेनासे झाले.

खानदेशातील मिस्त्री घडला तो या अडचणीत. पार्ट मिळत नाही म्हटल्यावर तो लेथवर उतरवून घ्यायचा, एका गाडीचा दुसरीला बसवायचा, नाहीतर मुंबईला कुर्ल्याच्या भंगारबाजारातून शोधून आणायचा, हे तीनच मार्ग होते. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, धुळे-अमळनेर-जळगावच्या कापडगिरण्या आणि भुसावळची रेल्वे शेड यांमुळे यंत्राला सरावलेले हात या भागात आधीच होते. मोटारीचे शिक्षण मात्र गॅरेजातच मिळायचे. दहा-बारा वर्षांचा पोरगा उस्तादाच्या हाताखाली यायचा. आधी रॉकेलमध्ये पार्ट धुवायचे, मग ‘दहा-अकरा’, ‘बारा-तेरा’ असे पाने नुसत्या नजरेने ओळखायला शिकायचे. बऱ्याच वर्षांनी कधीतरी त्याला इंजिन उघडायला मिळायचे. ही पोरे शाळेला मुकली, त्यांच्या श्रमाला दामही पुरते मिळाले नाहीत. तरीही या जिल्ह्यांची वाहतूक पन्नास वर्षे त्यांच्या खांद्यावर चालली, आणि त्याची नोंद कोणत्याही गॅझेटियरमध्ये नाही.

परवाना-राज्याच्या काळात जुनी गाडी स्वस्त असते हा नियमच लागू नव्हता. बजाजची स्कूटर नोंदवली की ती हाती यायला कित्येक वर्षे लागत. फियाट आणि अँबेसिडरसाठीही रांगा होत्या. ज्याचा नंबर लागला तो गाडी घेऊन लगेच ‘ऑन’ने विकू शकायचा, म्हणजे वापरलेल्या स्कूटरला नव्या स्कूटरच्या छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मोजावे लागत. त्यामुळे साध्या माणसाच्या वाट्याला आणखी जुने, आणखी झिजलेले वाहन यायचे. दूधवाल्यांनी राजदूत पसंत केली. पोलिश बनावटीच्या आराखड्यावरची ही जड, दणकट टू-स्ट्रोक गाडी दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकावून कच्च्या रस्त्याने निघायची. जावा-येझदीचा गिअर दांडा हीच किक होती. ती मोडली तर दोन्ही कामे अडत. पुण्याच्या कायनेटिकने १९७२ मध्ये लुना आणली. तिला पेडल होते, त्यामुळे पेट्रोल संपले तरी घरी पोचता येई. शिक्षक, तलाठी, पोस्टमन यांच्यात ती लोकप्रिय झाली ती म्हणूनच.

अशी जुनी टू-स्ट्रोक गाडी चालवणे हे रोजचे काम होते. पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडले की प्लग काळा होऊन शॉर्ट व्हायचा. कमी पडले तर पिस्टन जाम. थंडीच्या सकाळी स्कूटर एका कुशीवर आडवी करायची, पुन्हा उभी करून किक मारायची. तरीही सुरू झाली नाही तर प्लग काढायचा, काचपेपरने घासायचा, हॅक्सॉ ब्लेडच्या जाडीने त्याची गॅप बघायची आणि हेडला टेकवून करंट येतो का ते पाहायचे. करंट नसला तर पॉइंट साफ करायचे. प्रत्येक मालकाच्या डिकीत एक जादा प्लग, क्लच वायर आणि पाना असायचाच. बोअर झिजला की रिबोअर आणि नवा पिस्टन. असे दोन-तीनदा झाले की सिलिंडरच बदलायचा.

चारचाकीत खरा बदल डिझेलने केला. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल एकदम महागले. डिझेल सरकारी धोरणाने बरेच स्वस्त राहिले. पेट्रोलची जीप किंवा अँबेसिडर कवडीमोलाने घ्यायची, तिचे इंजिन काढून डिझेल इंजिन बसवायचे, ही कला गॅरेजवाल्यांनी साधली. बजाज टेम्पोच्या मॅटाडोरचे इंजिन अँबेसिडरमध्ये बसलेले सर्रास दिसायचे. बसवताना माउंटिंग वेल्डिंगने नव्याने करावे लागे. जादा वजनाने पुढचे पाटे बसत, आणि गाडीभर थरथर जाणवे. तरी दर किलोमीटरचा खर्च इतका घटायचा की बदलाचा पैसा लवकर वसूल होई. पुढे महिंद्रने स्वतःच डिझेल जीपा आणल्या. १९८० च्या दशकात त्यांत प्यूजोच्या तंत्राचे इंजिन आले, आणि त्याही यथावकाश जुन्या होऊन खेड्यांकडे वळल्या.

पेट्रोल सोडण्याला ऊन हे आणखी एक कारण होते. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपुढे जातो. जुन्या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनालाच जोडलेला असायचा. तो तापला की नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची, कार्ब्युरेटरला इंधन मिळेनासे होई आणि गाडी धक्के खात भर रस्त्यात थांबे. मग निंबाखाली उभे राहून पंपावर ओले फडके गुंडाळायचे, बॉनेट उघडे ठेवायचे आणि पंधरा-वीस मिनिटे वाट पाहायची. डिझेलला ही पीडा नव्हती. त्याची पीडा वेगळी : टाकी कोरडी पडली की लाइन ‘हवा धरायची’, आणि फिल्टरचा नट सैल करून हाताने पंप मारत हवा काढावी लागे. चाळीसगावहून औरंगाबादकडे जाणारा कन्नडचा घाट, साक्री-नवापूर रस्त्यावरची कोंडाईबारी आणि सेंधव्याकडचा बिजासन घाट या ठिकाणी जुन्या गाडीची खरी परीक्षा होई. चढताना रेडिएटर उकळायचा, उतरताना ब्रेकचे ड्रम तापून ब्रेक लागेनासे व्हायचे. क्लीनर हातात दगड घेऊन मागे उभा राहायचा तो गाडी थांबताच चाकाला लावण्यासाठी. तेथे झालेल्या अपघातांत गरीब माणसेच जास्त मेली, हेही या स्वस्त वाहतुकीच्या हिशेबात धरले पाहिजे.

या सगळ्याचा कळस म्हणजे काळीपिवळी. १९९० च्या दशकात महिंद्रची कमांडर, मार्शल आणि बजाज टेम्पोची ट्रॅक्स या गाड्या टॅक्सी परवान्यावर, किंवा परवान्याशिवायही, खेड्यापाड्यांत धावू लागल्या. एसटी दिवसातून दोनदा येणाऱ्या गावाला त्या दर तासाला मिळू लागल्या. चोपडा-अडावद, एरंडोल-धरणगाव, दोंडाईचा-शिंदखेडा आणि सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीसारख्या मार्गांवर बाजाराच्या दिवशी टपावर, फाळक्यावर, चालकाच्या उजव्या हाताला माणसे बसायची. गाडी भरल्याशिवाय सुटायची नाही. कायद्याने नऊ-दहा माणसे बसवायची, पण तेवढ्यांत डिझेल, कर्जाचा हप्ता आणि दुरुस्ती भागत नव्हती. म्हणून वीस बसवायची. जादा भाराने पाटे तुटायचे, दुरुस्ती वाढायची, ती भागवायला पुन्हा जादा माणसे. या फेऱ्यातून क्वचितच एखादा मालक सुटला. वर्षातून एकदा पासिंग यायचे. त्याआधी डेंटिंग-पेंटिंग, ब्रेक, दिवे, वायपर सगळे एकदम सुधारायचे. चांगले टायर उसने लावून पासिंग करून घेण्याची वाटही सगळ्यांना ठाऊक होती. एसटी स्थानकापासून २०० मीटरच्या आत खासगी गाडी उभी करायची नाही हा नियम होता, त्यावरून रोज वाद होत. पण ज्या गावाला एसटी पोचत नव्हती तिथल्या बाळंतिणीला दवाखान्यात या गाडीनेच नेले. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटीचा संप चालला तेव्हा प्रवाशांना पुन्हा अशाच गाड्यांचा आधार घ्यावा लागला.

या गाड्या घ्यायला पैसा कुठून आला, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. बँका जुन्या वाहनाला कर्ज देत नसत. खासगी फायनान्सवाले देत, व्याज जबर असे, आणि तीन हप्ते थकले की गाडी ओढून नेत. १९७९ मध्ये चेन्नईत सुरू झालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्टने जुन्या ट्रकलाच कर्ज देण्याचा व्यवसाय देशभर वाढवला. अशा कंपन्यांमुळे ड्रायव्हर मालक होऊ शकला. कापसाचे वा केळीचे पीक बुडाले की भाडे बुडायचे आणि तोच मालक पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून चढायचा.

२००० नंतर जुन्या गाडीचे अर्थकारण बदलले. हिरो होंडाच्या फोर-स्ट्रोक मोटारसायकली सुलभ हप्त्यांवर खेड्यात पोचल्या आणि टू-स्ट्रोक गाड्या भंगाराच्या भावाने विकल्या जाऊ लागल्या. २००५ मध्ये टाटा एस आली. ‘छोटा हत्ती’ या नावाने ती केळी आणि भाजीपाल्याच्या वाहतुकीत शिरली. मारुती व्हॅन जुनी झाली की गॅसवर करून शाळेची मुले आणि लग्नाचे वऱ्हाड नेऊ लागली. घरगुती सिलिंडरमधून चोरून गॅस भरण्याचा प्रकार तिच्याबरोबर आला आणि त्यात स्फोटही झाले. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलवरचे सरकारी दरनियंत्रण उठले. पेट्रोल-डिझेलमधला फरक कमी होत गेला, त्यामुळे इंजिन बदलण्याला अर्थ उरला नाही. नव्या गाड्यांत सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. कान लावून इंजिनाचा दोष ओळखणाऱ्या जुन्या मिस्त्रीला तिथे लॅपटॉप लागतो.

कायद्याचा फासही आवळत गेला. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण, ही व्यवस्था १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने केली. पुढे महाराष्ट्रात जुन्या वाहनांवर पर्यावरण कर लागला. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले, दुचाकीचे ३०० वरून १,०००. धुराचा विचार केला तर जुनी वाहने कमी व्हायलाच हवीत. पण शेतावर जायला-यायला पंधरा-वीस हजारांची मोटारसायकल वापरणाऱ्यावर या शुल्काचा भार किती पडतो, याचा विचार धोरण करताना झालेला दिसत नाही. त्यामुळे कागद संपलेल्या गाड्या गावातल्या गावात, हायवे टाळून चालत राहिल्या.

चालणे थांबल्यावरही गाडीचे भाग उपयोगी पडतात. जीपचा मागचा अॅक्सल ट्रॉलीखाली जातो, ट्रकची चाके लाकडी चाकांच्या जागी बैलगाडीला लागतात. इंजिन, गिअरबॉक्स, काचा, दरवाजे सुटे करून विकले जातात. उरलेला पत्रा आणि सांगाडा भंगारवाला किलोवर तोलून घेतो. त्यातले काही लोखंड जालन्याच्या पोलाद कारखान्यांत जाते आणि तिथे त्याच्या बांधकामाच्या सळया होतात.