दिल्लीलगतच्या उपनगरांत घर घेताना : सोयी, जोखीम आणि राज्यांच्या सीमा

नवी दिल्ली : नोकरी दिल्लीत आणि घर नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम किंवा फरिदाबादमध्ये, असा मार्ग राजधानीत येणारी अनेक कुटुंबे निवडतात. त्यांत बदलीनिमित्त महाराष्ट्रातून येणारेही असतात. मुंबईकर ठाण्यात राहायला गेला तरी राज्य बदलत नाही. येथे मात्र दिल्लीची हद्द ओलांडताच सरकार, पोलीस, वीज कंपनी आणि दस्तनोंदणीचे कार्यालय बदलते. त्यामुळे उपनगरातील घराचा विचार केवळ किंमत आणि अंतर यांपुरता मर्यादित राहत नाही.

जमेच्या बाजू

दक्षिण किंवा मध्य दिल्लीत लहान सदनिकेसाठी लागणाऱ्या रकमेत उपनगरांत अधिक मोठे घर, वाहनतळ, उद्यान आणि सुरक्षारक्षक असलेले संकुल मिळू शकते. गुरुग्राम आणि नोएडात खासगी कंपन्यांची मोठी कार्यालये आहेत. मेट्रो नोएडात २००९, गुरुग्राममध्ये २०१० आणि फरिदाबादमध्ये २०१५ मध्ये पोहोचली. गाझियाबाद जिल्ह्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेली ‘नमो भारत’ रेल्वे जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या न्यू अशोक नगरपर्यंत आली.

ताबा आणि मालकी

सर्वांत मोठी जोखीम बांधकामाधीन प्रकल्पांत आहे. आम्रपाली समूहाच्या रखडलेल्या प्रकल्पांत ४२ हजारांहून अधिक ग्राहक अडकले. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये समूहाची रेरा नोंदणी रद्द करून अपूर्ण घरे बांधण्याचे काम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे सोपवले. नोएडातील सेक्टर ९३ ए मधील सुपरटेकचे बेकायदा जुळे मनोरे न्यायालयाच्या आदेशानुसार २८ ऑगस्ट २०२२ रोजी पाडण्यात आले.

नोएडात जमीन सहसा ९० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली जाते. विकासकाने प्राधिकरणाचे पैसे थकवल्यास घराची पूर्ण किंमत भरलेल्या ग्राहकाचीही दस्तनोंदणी अडकू शकते. त्यामुळे रेरा नोंदणी आणि भोगवटा प्रमाणपत्राबरोबरच विकासकाची थकबाकीही तपासणे आवश्यक ठरते.

दाद कोणाकडे मागायची?

सिडकोने वसवलेल्या नवी मुंबईत १९९२ पासून महापालिका आहे. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या नोएडात मात्र निवडून आलेली महापालिका नाही. कारभार प्राधिकरणाचे अधिकारी पाहतात. रस्ता किंवा पाण्याच्या तक्रारीसाठी तेथील रहिवाशाला नगरसेवक नसतो. गाझियाबाद, फरिदाबाद आणि गुरुग्राममध्ये महापालिका आहेत, तरी नागरी अडचणी सुटलेल्या नाहीत. जुलै २०१६ मध्ये पावसाचे पाणी साचून गुरुग्राममधील वाहतूक अनेक तास ठप्प झाली होती.

सीमेची किंमत

टाळेबंदीत शेजारी राज्यांनी दिल्लीच्या सीमा रोखल्याने रोज ये-जा करणाऱ्यांचे हाल झाले. अखेर ४ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना प्रवासाबाबत समान धोरण आखण्यास सांगितले. त्यानंतर शेतकरी आंदोलनामुळे गाझीपूर सीमेवरील वाहतूक वर्षभर विस्कळीत राहिली. दिल्लीतील २०० युनिटपर्यंतच्या मोफत विजेचा लाभही हद्दीपलीकडे मिळत नाही. हिवाळ्यातील प्रदूषण मात्र सीमा मानत नाही. त्यावरील निर्बंध संपूर्ण राजधानी क्षेत्राला लागू होतात.

कामाचे ठिकाण त्याच उपनगरात असेल आणि घर तयार, नोंदणीकृत असेल, तर उपनगराचे पारडे जड ठरते. रोज सीमा ओलांडावी लागणार असेल किंवा ताबा अनिश्चित असेल, तर दिल्लीतील लहान घर अथवा भाड्याची जागा अधिक सुरक्षित पर्याय ठरू शकते.