गस्ती निशान ५३

मी बीड जिल्ह्यातला, सॉफ्टवेअर इंजिनिअर. मित्रांना मॅस्टोडॉनवर बोलावलं की विचारतात, 'आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?'

आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. 'गस्ती निशान ५३' या परिपत्रकामुळे सभेला आधी सरकारची परवानगी लागे. म्हणजे कोण, कुठे, कशासाठी जमणार हे आधीच कळवायचं. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर स्थापनेआधीच बंदी आली.

पण तोवर मराठवाड्यात ठिकठिकाणी वाचनालयं, खासगी शाळा उभ्या राहिल्या होत्या. अंबाजोगाईच्या, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादच्या, योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थ शिकवायचे. कुलूप लावायला सरकारला एकच दार सापडत नव्हतं.

मॅस्टोडॉनही तसंच: सर्व्हर अनेक, मालक वेगवेगळे, तरी एकमेकांशी जोडलेले. मात्र ते गुप्त नाही. तिथला खासगी संदेशही सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येतो. नव्या माणसाला हे आधीच सांगावं.

आणि पाळतीची भीती घालू नये. त्या शाळांत लोकांनी मुलं घातली ती मराठीतून शिकायला मिळावं म्हणून. राजकारण त्यांना नंतर कळलं. आपणही आधी वाचण्याजोगं मराठी तिथे लिहायला हवं.