दोन चित्रशैली आणि दासोपंतांची पासोडी

युरोपांतील पुनरुज्जीवनकालीन चित्रकलेस पूर्णता म्हणावें आणि तिच्यामागून आलेल्या बरोक शैलीस ऱ्हास म्हणावें, अशी चाल पंडितांत फार दिवस होती. ‘बरोक’ हें नांवच मुळीं हेटाळणीचें. वेड्यावांकड्या मोत्यास पोर्तुगीज भाषेंत जो शब्द आहे त्यावरून तें आलें, असें बहुतेक मानतात. हा निवाडा कितपत न्याय्य आहे, तें दोन चित्रांवरून पाहूं.

राफाएलनें १५०९ ते १५११ च्या सुमारास व्हॅटिकनच्या भिंतीवर ‘अथेन्सचें विद्यापीठ’ रंगविलें. भव्य कमानींखालीं प्लेटो व ॲरिस्टॉटल मधोमध उभे आहेत. दोहों बाजूंस इतर तत्त्वज्ञांचे मेळावे समतोल मांडलेले आहेत. उजेड सर्वांवर सारखा आहे, प्रत्येक आकृतीची कड स्वच्छ आहे. पाहणारा दूर उभा राहून शांतपणें सर्व कांहीं पाहूं शकतो.

कॅराव्हॅज्जोचें ‘संत मॅथ्यूस पाचारण’ हें १५९९-१६०० चें चित्र रोममधील सान लुइजी देइ फ्रान्चेझी या देवालयांत आहे. अंधाऱ्या खोलींत जकातदार पैसे मोजीत बसले आहेत. उजवीकडून ख्रिस्त येतो व हात पुढें करतो. त्याच बाजूनें तिरका उजेड येऊन चेहरे तेवढे उजळतात. बाकी सारें काळोखांत बुडतें, आणि पाहणारा जणूं त्या खोलींतच ओढला जातो.

राफाएलला जें साधलें तें कॅराव्हॅज्जोला साधलें नाहीं, असें म्हणणें व्यर्थ होय. त्याला तें साधावयाचेंच नव्हतें. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर (१५४५-१५६३) कॅथलिक पंथास भाविकांचें अंतःकरण हलविणारी कला हवी होती. १९१५ सालीं हाइन्रिख व्ह्योल्फ्लिन या स्विस पंडितानें रेषा व छटा, बंदिस्त रचना व मोकळी रचना अशा पांच जोड्या मांडून दाखविलें कीं, या पाहण्याच्या दोन स्वतंत्र रीती आहेत. एकीच्या मापानें दुसरी मोजतां येत नाहीं.

हा वाद दूरदेशींचा वाटेल. परंतु आमच्या बीड जिल्ह्यांत, आंबेजोगाईस, त्याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. कॅराव्हॅज्जोच्याच काळीं तेथें दासोपंत (१५५१-१६१५) लिहीत होते. ज्ञानेश्वरी सुमारें नऊ हजार ओव्यांची. त्याच गीतेवरील दासोपंतांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा. पंचीकरणाचा विषय तर त्यांनीं सुमारें ४० फूट लांब कापडावर लिहिला. तीच प्रसिद्ध पासोडी.

रोमचा व आंबेजोगाईचा कांहीं संबंध नव्हता, आणि पासोडी हें चित्रही नव्हे. साम्य आहे तें रसिकांच्या निवाड्यांत. ज्ञानेश्वरीच्या मापानें मोजून दासोपंतांस पाल्हाळिक ठरविलें कीं ग्रंथ न उघडतांच आपण मोकळे होतों! सव्वा लाखांतील प्रत्येक ओवी सरस आहे, असा आमचा आग्रह नाहीं. परंतु जो पुरुष एवढें वस्त्र अंथरून त्यावर सृष्टीची उभारणी मांडावयास बसला, त्याचा हेतु काय होता, हा प्रश्न तरी आधीं विचारला पाहिजे. युरोपीय पंडितांस आपल्या बरोक चित्रकारांविषयीं तो विचारावयास तीन शतकें लागलीं. आपल्या दासोपंतांस जाऊन चार शतकें उलटून गेलीं आहेत.