मोबाईलच्या जीपीएसने वनजमीन मोजताना: आकडा किती खरा, चूक कुठे होते?

नंदुरबार जिल्ह्यातलं मोलगी म्हटलं की भगर आणि आमचूर आठवतं. अक्कलकुवा तालुक्यातल्या या सातपुड्याच्या भागात बरीचशी शेती डोंगरउतारावर आणि वनजमिनीवर आहे. वनहक्क कायदा, २००६ प्रमाणे १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेल्या अशा जमिनीवर आदिवासी कुटुंबाला हक्क मिळतो, कमाल मर्यादा ४ हेक्टर. पण दाव्यात "किती आणि नेमकी कुठे" याचं उत्तर लागतं, आणि आता ते उत्तर बऱ्याचदा जीपीएसवरून येतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, लोकेशनवर चालणाऱ्या अ‍ॅपचं काम करतो. "मोबाईलने शेत मोजलं तर चालतं का?" हा प्रश्न मला गावाकडची पोरं नेहमी विचारतात. चला, नीट समजून घेऊया.

जीपीएस काम कसं करतं?

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किमी उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह "मी कुठे आहे आणि आत्ता किती वाजले" एवढंच सतत सांगत असतो. तो सिग्नल पोहोचायला सेकंदाचा साधारण चौदावा भाग लागतो. किती वेळ लागला त्यावरून फोन अंतर काढतो. किमान ४ उपग्रह दिसले की जागा ठरते. इथे वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो!

यासाठी नेट लागत नाही. नेट असेल तर उपग्रहांची माहिती पटकन मिळते, एवढंच. रेंज नसेल तर पहिल्यांदा लोकेशन मिळायला काही मिनिटं लागू शकतात, म्हणून थांबायची तयारी ठेवा.

सातपुड्यात आकडा का हलतो?

मोकळ्या आकाशाखाली चांगला स्मार्टफोन साधारण ५ मीटरच्या आत जागा दाखवतो. पण दरीत अर्धं आकाश डोंगराने झाकलेलं असतं. सिग्नल कड्यावर आपटून फोनकडे येतो, म्हणजे जास्त अंतर कापतो, आणि फोनला वाटतं उपग्रह लांब आहे. महू-सागाच्या दाट पानांखाली सिग्नल कमजोरही होतो. एल-१ आणि एल-५ अशा दोन फ्रिक्वेन्सी पकडणारे फोन अशा ठिकाणी बरे पडतात.

अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये "अ‍ॅक्युरसी ५ मीटर" दिसलं, तर खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता साधारण ६८ टक्के. म्हणजे तीनपैकी एका वेळी ती वर्तुळाबाहेरही असू शकते.

५ मीटरने किती गुंठे जातात?

एक एकराचं चौकोनी शेत धरा. बाजू साधारण ६४ मीटर. एकच कोपरा एका बाजूच्या रेषेत ५ मीटर आत सरकला, तर कागदावरून १६० चौरस मीटर जमीन गेली. म्हणजे दीड गुंठ्याहून जास्त.

गंमत अशी, की चारही कोपरे एकाच दिशेला सारखेच सरकले तर क्षेत्रफळ अजिबात बदलत नाही. पण नकाशावर तुमचं शेत शेजाऱ्याच्या हद्दीत घुसतं. म्हणून फक्त "क्षेत्र बरोबर आलं" बघून खूश होऊ नका, जागाही तपासा.

टेपचा आकडा आणि अ‍ॅपचा आकडा वेगळा का?

जमिनीच्या कागदावर क्षेत्र धरतात ते सपाट, वरून पाहिल्यासारखं. ३० अंशाच्या उतारावर टेपने मोजलेले १०० मीटर नकाशावर ८७ मीटरच भरतात. त्या उतारावर टेपने मोजलेली ४० गुंठे जमीन कागदावर साधारण ३५ गुंठेच दिसते. ही जीपीएसची चूक नाही, हिशोबाची रीत आहे.

मोजताना काय करावं?

• सुरुवातीला मोकळ्यावर काही मिनिटं थांबा, अ‍ॅक्युरसी ५ मीटरच्या आत येऊ द्या.
• प्रत्येक कोपऱ्यावर एक-दोन मिनिटं उभं राहून मगच पॉइंट घ्या. चालता चालता नको.
• बांध वळतो तिथे जादा पॉइंट घ्या.
• वेगवेगळ्या वेळी दोनदा मोजा. उपग्रहांची जागा बदललेली असते, त्यामुळे चूक उघडी पडते.
• दशांशानंतर किमान ५ आकडे ठेवा. पाचवा आकडा म्हणजे साधारण १ मीटर, चौथ्यावरच थांबलात तर ११ मीटर.
• अक्षांश २१ ने सुरू होतो, रेखांश ७४ च्या आसपास. उलटे लिहिले तर तुमचं शेत थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात!
• मोजणीची फाइल जपून ठेवा, नुसता स्क्रीनशॉट नको. ओडीके कलेक्ट आणि क्यूफील्ड ही मोफत अ‍ॅप नेट नसतानाही चालतात.

उपग्रहाच्या फोटोत शेत दिसलं नाही तर?

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. २००५ च्या सुमाराच्या लँडसॅट चित्रात एक ठिपका ३० बाय ३० मीटरचा असतो, म्हणजे जवळपास ९ गुंठे. एक एकर शेत म्हणजे जेमतेम साडेचार ठिपके. त्यात मध्ये महूची झाडं ठेवलेली, पीक फक्त पावसाळ्यात. उन्हाळ्यातल्या चित्रात ते शेत आणि गवताळ उतार सारखेच दिसू शकतात. चित्रात नाही म्हणजे शेत नव्हतंच, असं होत नाही.

कायद्याच्या नियमांमध्ये २०१२ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार उपग्रहाचं चित्र इतर पुराव्यांना जोड म्हणून वापरता येतं, त्यांच्या जागी एकमेव पुरावा म्हणून नाही. गावातल्या जाणत्यांचा लेखी जबाब, घर, बांध, जमीन सपाट केल्याच्या खुणा हेही पुरावेच आहेत.

मग मोबाईलच्या मोजणीचा उपयोग काय?

तुमची मोजणी म्हणजे सरकारी मोजणी नव्हे. पडताळणी वनहक्क समिती करते, ठराव ग्रामसभा घेते, पुढे उपविभागीय आणि जिल्हा समिती. पण पडताळणीच्या दिवशी तुमच्याकडे स्वतःचे पॉइंट असतील, तर फरक कुठे आणि किती आहे ते तिथेच दाखवता येतं. ग्रामसभेचा ठराव मान्य नसेल तर उपविभागीय समितीकडे ६० दिवसांत जाता येतं. त्या समितीचा निर्णय पटला नाही तर जिल्हा समितीकडे, तिथेही मुदत ६० दिवसांचीच.

घरात दावा पडून असेल, तर पावसाळ्याआधी आजोबांना सोबत घेऊन शिवार फिरून या. फोन पॉइंट घेईल. पण बांध पूर्वी कुठून जायचा, ते आजोबाच सांगतील. दोन्ही एकाच कागदावर लिहून ठेवा.